पड टाकलेल्या माळाचं रान व्हायला किती वर्षं लागतात?

माळावरची

मंडळी, पन्हाळा तालुक्यात आमची दीड एकर माळजमीन आहे. खाली मुरूम, वर वीतभर माती. पाण्याची सोय नाही, त्यामुळं उसाचं नाव कधी निघालंच नाही. वडील होते तोवर पावसाळी भुईमूग आणि नाचणी व्हायची. २०११ नंतर कुणी नांगर घातला नाही. सातबाऱ्यावर आता पड लागली आहे.

पहिली दोन-तीन वर्षं नुसता टाकळा, कुर्डू आणि गाजरगवत. मग गवत आलं. कुसळांनी साडीचा काठ भरून जायचा, घरी येऊन एकेक उपटत बसायचं. नंतर कधीतरी घाणेरीची बेटं दिसायला लागली, बोरी आल्या, बांधाला करवंदी पसरल्या. आणि यंदा दिवाळीत गेले तर एका बोरीच्या जाळीतून माझ्या खांद्याएवढा कडुनिंब वर आलेला. कुणी लावलेला नाही.

थोरला दादा म्हणतो, मे महिन्यात जेसीबी लावून सगळं साफ करू आणि काजू लावू. मी म्हणते, आहे तसं सोडू, आपोआप रान होईल. त्यावर त्यानं एकच विचारलं, "किती वर्षांनी?" मला उत्तर देता आलं नाही. कुणी सांगेल का? आणि हे जे एकामागून एक येत गेलं, त्याला काही क्रम असतो, की जे उडत आलं ते रुजलं एवढंच?

तांबडा_पांढरा

आमच्या घरामागच्या बोळात तीन वर्षांत झालंय. साप पण आहेत. बघायला या.

निवृत्त_मास्तर

ताई, क्रम असतो. त्याला वनस्पतिशास्त्रात अनुक्रमण म्हणतात. तुम्ही जे लिहिलंय, म्हणजे आधी वर्षभरात मरणारी तणं, मग बहुवर्षायू गवतं, मग काटेरी झुडपं, मग झाड, तो जवळजवळ पुस्तकातला क्रम आहे.

हा विषय नीट उभा राहिला तो अमेरिकेत, मिशिगन सरोवराच्या काठच्या वाळूच्या टेकड्यांवर. हेन्री कौल्स नावाच्या अभ्यासकानं १८९९ मध्ये त्यावर लिहिलं. सरोवराचं पाणी हटत गेलं तशा नव्या टेकड्या काठाशी तयार झाल्या, जुन्या आत राहिल्या. म्हणजे काठाकडून आत चालत गेलं की आपण जणू काळात मागं चालतोय. आधी उघडी वाळू, मग वाळू धरून ठेवणारं गवत, मग झुडपं, मग पाइन, मग ओकचं जंगल. शंभर वर्षं एका जागी बसून बघण्यापेक्षा शंभर वर्षांच्या जागा एका दिवसात चालायच्या. मी वर्गात हे सांगायचो तेव्हा मागच्या बाकावरची पोरंसुद्धा मान वर करायची.

पुढं १९१६ मध्ये फ्रेडरिक क्लेमेंट्सनं जाडजूड ग्रंथ लिहिला. त्याच्या मते वनस्पतींचा समुदाय हा एका जिवासारखा. जन्मतो, वाढतो, प्रौढ होतो. तिथलं हवामान ठरवेल त्या चरमावस्थेला पोचतो आणि तिथंच टिकतो.

तुमच्या दादांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र यात नाही, हे मान्य करतो.

उसाचा_कोंब

मास्तर, आमच्यासारख्यांना समजंल असं सांगा की.

निवृत्त_मास्तर

तुम्हीच सांगा. उघड्या खडकावर, जिथं मातीच नाही तिथं सुरुवात होते त्याला प्राथमिक अनुक्रमण म्हणतात. ताईंच्या माळासारखं, माती आणि मुळं-बिया शिल्लक असतात तिथं होतं ते दुय्यम. शेतकऱ्याच्या भाषेत काय म्हणाल?

उसाचा_कोंब

मग सोपं हाय की! पहिली लागण आणि दुसरा खोडवा. लागणीला सगळं नव्यानं, नांगरट, सरी, बेणं. खोडव्याला बुडखा जमिनीत असतोयच, नुसतं वरचं तुटलेलं. म्हणून खोडवा भसाभस फुटतो.

निवृत्त_मास्तर

तीस वर्षं शिकवलं, हा दृष्टांत मला सुचला नाही. कान पकडतो.

गवताळ

दृष्टांत झकास, फक्त एक भर. खोडव्याला तुम्ही खत-पाणी घालता. माळाला शेळ्या आणि काडेपेटी मिळते.

रानभाजी_वहिनी

कुर्डू आला होता म्हणता, भाजी केलीत की नाही? कोवळा असताना खुडायचा, लसणाची फोडणी, वरून ओलं खोबरं. टाकळा पण पहिल्या पावसानंतर आठ-दहा दिवसांतच. नंतर चरबट होतो.

माळावरची

वहिनी, टाकळा केला होता. कुर्डू आता नावालाही नाही, गवतानं हाकलला. तुमचा प्रश्न मला वाटलं विषयांतर आहे, पण खरं तर तेच विचारायचंय. जो पहिला येतो तोच सगळ्यात आधी का जातो?

वनस्पतीवेडी

कारण त्याचं कामच तसं आहे. टाकळ्याच्या एका झाडाला किती शेंगा लागतात बघा. भरपूर बी करायचं, ते मातीत वर्षानुवर्षं पडून राहील असं करायचं, आणि जमीन उघडी पडली, ऊन लागलं की उगवायचं. नांगर थांबला की जमीन झाकत जाते, मग त्याला सावलीत झगडता येत नाही. मारवेल, शेडा, डोंगरी ही गवतं बी कमी करतात, पण मुळं खोल आणि दरवर्षी त्याच गड्ड्यातून फुटतात. दोघांचे धंदे वेगळे. एक यात्रेत पाल ठोकणारा, दुसरा पेठेत गाळा घेऊन बसणारा.

त्यावरून आठवलं. तुमच्या माळावर कुसळ जास्त आहे म्हणता. याचा अर्थ तिथं बरीच चराई होते. जनावर मारवेल आणि शेडा आधी खातं, कुसळाला तोंड कमी लावतं. चराई वाढली की गोडी गवतं मागं पडतात आणि कुसळ माजतं. म्हणजे क्रम नेहमी पुढंच जातो असं नाही, मागंही येतो.

दगडफोड्या

पहिल्या लागणीबद्दल कुणी बोललंच नाही. आमचा खडीचा व्यवसाय होता, बंद पडलेली खण आजही आहे. काळ्या फत्तराची सरळ भिंत. पंचवीस वर्षं झाली. वरच्या कडेला दोन उंबर आणि एक पिंपळ, भेगेत मुळं घातलेली. भिंतीवर मात्र अजून काळे-करडे-पिवळे डाग, बाकी काही नाही. तळाशी पाणी, पाण्याकडेला पाणकणीस. एका खणीत तीन वेगळी जगं.

वनस्पतीवेडी

ते डाग म्हणजे शैवाक. बुरशी आणि शैवाल यांचं एकत्र बिऱ्हाड. बुरशी दगड धरते, ओल धरते, शैवाल उन्हावर अन्न करतं. त्यांच्यातून आम्ल पाझरतं, दगडाचा वरचा पापुद्रा सैल होतो, धूळ अडकते, मग शेवाळ, मग नेचे. काही शैवाक वर्षाला मिलीमीटरभरही वाढत नाहीत. तुमच्या पंचवीस वर्षांत डागच दिसणार.

आणि कोल्हापूरकरांनो, तुम्ही हे रोज खाता. कांदा-लसूण मसाल्यातलं दगडफूल म्हणजे शैवाकच.

तांबडा_पांढरा

थांबा थांबा. म्हणजे तांबड्या रश्श्यात जंगलाची पहिली पायरी आहे?

वनस्पतीवेडी

हो.

तांबडा_पांढरा

नाद खुळा! आज घरी सांगतो, मी पर्यावरणासाठी दोन वाट्या जास्त प्यायलो.

रानभाजी_वहिनी

दगडफूल नीट निवडून घ्या हो, साली आणि खडे असतात. आणि तेलात मंद भाजायचं, करपलं तर मसाला कडू. आमच्या सासूबाई डंकावर मसाला न्यायच्या आधी दगडफूल स्वतःच्या हातानं भाजायच्या, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत.

पुणेरी_पाहुणा

मूळ प्रश्नाकडे येऊया का? मास्तरांनी क्लेमेंट्स सांगितला, पण त्याला विरोध झाला तेही सांगायला हवं. हेन्री ग्लीसननं १९२६ मध्ये मांडलं की समुदाय वगैरे जीव नसतो. प्रत्येक जात आपापल्या गरजेनं येते, जागा मिळाली तर राहते. आपण त्या गर्दीला जंगल असं नाव देतो. त्या काळी त्याला फारसं कुणी विचारलं नाही, पण पुढं बरंचसं त्याच्याच बाजूनं गेलं. ठरलेलं शेवटचं टोक नसतं. त्यामुळं "किती वर्षांनी रान" हा प्रश्नच चुकीचा आहे.

उसाचा_कोंब

प्रश्न चुकीचा न्हाई ओ. दादाला जेसीबीवाल्याला आगाऊ पैसं द्यायचं का न्हाई ते ठरवायचंय.

निवृत्त_मास्तर

पाहुण्यांचा मुद्दा रास्त आहे, मी क्लेमेंट्सवर थांबायला नको होतं. पण ताईंच्या शेताला अगदी जवळचा एक प्रयोग सांगतो. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडला शेतीसंशोधनाची जुनी जागा आहे. तिथं १८८२ मध्ये गव्हाच्या उभ्या पिकाचा जेमतेम अर्धा एकराचा तुकडा कुंपण घालून सोडून दिला. कापणी नाही, पेरणी नाही. गहू आपला आपण टिकतो का, ते बघायचं होतं.

चार वर्षांत गहू संपला. शेवटची काही खुरटी रोपं तेवढी सापडली. माणसानं सांभाळलेलं पीक, सांभाळ सुटल्यावर चार हंगाम. पुढं त्या तुकड्याचे भाग केले. एका भागात काहीच केलं नाही, तिथं आज उंच झाडांचं रान आहे. शेजारच्या भागात झुडपं-झाडं दरवर्षी उपटून काढली, तिथं अजून नुसतं गवत आणि मऊ खोडाच्या वनस्पती. एकच माती, एकच पाऊस, मध्ये एक रेघ.

गवताळ

मास्तर, ही गोष्ट ऐकून लोकांना वाटतं की सोडून दिलेल्या प्रत्येक जमिनीचं जंगलच व्हायला हवं, आणि झालं नाही तर काहीतरी बिघडलंय. याला माझा विरोध आहे.

मसाई पठारावर जाऊन बघा. जांभ्याचा सडा, म्हणजे उघडा सपाट कातळ. माती बोटभर, कुठं तीही नाही. पावसात पाणी साचतं, उन्हाळ्यात तवा तापतो. तिथं झाड येत नाही कारण मूळ घालायला जागा नाही. पण ऑगस्ट-सप्टेंबरात तिथं काय काय असतं! सीतेची आसवं, तेरडा, सोनकी, आणि दवबिंदू नावाची ती किडे खाणारी चिमुकली वनस्पती. मातीत नत्र नाही म्हणून ती किड्यांतून घेते. सीतेची आसवंही तसलीच, तिचे सापळे ओल्या मातीत असतात. ही "अर्धवट राहिलेली" जागा नाही. हजारो वर्षांची पूर्ण जागा आहे. तिथं दर पावसाळ्यात कुणीतरी खड्डे खणून रोपं लावतं, फोटो काढतं आणि जातं. मार्चपर्यंत रोपं वाळतात, खड्डे राहतात.

गवताळ माळाचंही तेच. माळटिटवी, चंडोल, खोकड हे जंगलातले नव्हेत. माळ हा नापास झालेला जंगल-विद्यार्थी नाही.

माळावरची

गवताळ, म्हणजे मी रान होऊच देऊ नये का? आमचा माळ सडा नाही हो. नांगर चालत होता तिथं.

गवताळ

नाही, तुमच्या जागेबद्दल तसं म्हणत नाही. वीतभर माती आहे आणि खाली मुरूम म्हणजे मुळं जातील. फक्त आजूबाजूला काय आहे ते बघा. पूर्वेकडं, हातकणंगल्याच्या बाजूला असतात तर मी गवत राखा म्हणालो असतो. पन्हाळा म्हणजे मधला पट्टा. कोल्हापुरातून गगनबावड्याला जायला पंचावन्न-एक किलोमीटर, पण तेवढ्यात पाऊस कित्येक पटीनं वाढतो. तुमची जमीन त्या उतरंडीवर नेमकी कुठं आहे त्यावर पुष्कळ ठरेल.

रंकाळा_कट्टा

पाण्यातलं पण असंच असतं का? पुस्तकात होतं की तलाव हळूहळू भरतो, आधी पाण्याखालच्या वनस्पती, मग तरंगणाऱ्या, मग काठाची पाणकणसं, मग दलदल, शेवटी जमीन. रंकाळ्यात केंदाळ झालं की आमचे आजोबा म्हणायचे, आता इथं बागा होणार.

वनस्पतीवेडी

पुस्तकातला क्रम गाळ साचण्यावर चालतो, त्याला शतकं लागतात. केंदाळाचं, म्हणजे जलपर्णीचं, तसं नाही. ती मूळची दक्षिण अमेरिकेतली, आणि सांडपाण्यातलं नत्र-स्फुरद मिळालं की आठवड्या-दोन आठवड्यांत दुप्पट होते. ती पायरी नव्हे, ती पायरीवर पडलेली चादर. खालचा उजेड बंद, प्राणवायू कमी, बाकीचं सगळं थांबतं.

चिखलीकर

पुराचं मी सांगतो. २०१९ ला आमच्या मळीत, म्हणजे नदीकाठच्या शेतात, ऊस आठवडाभर पाण्याखाली होता. पाणी उतरल्यावर वास असा की रुमालाशिवाय जाता येत नव्हतं. एक कोपरा आम्ही वर्षभर तसाच ठेवला, काढायला मजूर मिळेनात. मळईवर पहिल्या महिन्यात लव्हाळा आणि कुठून कुठून वाहून आलेलं बी. त्यात टोमॅटो! कुणाच्या तरी परसातला. मग एरंड, पुरुषभर उंच. आम्ही पुढच्या वर्षी साफ केलं. २०२१ ला परत पूर, परत सगळं पहिल्यापासून. आमच्या मळीचं अनुक्रमण कधी दुसरी पास होतच नाही.

तांबडा_पांढरा

टोमॅटोची चटणी केली का?

चिखलीकर

पुराच्या चिखलातला टोमॅटो? तुम्ही खावा, आम्ही बघतो.

आजोळ_गगनबावडा

माझ्या आजोबांच्या तोंडून ऐकलेलं लिहितो. त्यांच्या लहानपणी डोंगरउताराला कुमरी करायचे. झाडोरा तोडायचा, वाळू द्यायचा, पावसाच्या तोंडावर जाळायचा आणि राखेत नाचणी-वरी टाकायची. दोन-तीन वर्षं पीक, मग तो तुकडा सोडून दुसरीकडं. परत त्या तुकड्यावर यायला दहा-पंधरा वर्षं. ते तुकड्याचं वय झाडं बघून सांगायचे. धायटी दिसली की "पोरगं रान", चांदाडा डोक्यावर गेला की "तरणं", आणि अंजनी-जांभळीच्या सावलीत गवत उगवेनासं झालं की "आता हात लावायचा नाही". कुंभ्याला मात्र ते मोजत नसत, कारण त्याची साल जाड, तो जळूनही उभाच.

त्यांचा आकडा हवा असेल तर: तरणं व्हायला दहा वर्षं, पण ते घाटमाथ्याच्या पावसात आणि चारी बाजूंनी उभं जंगल असताना.

निवृत्त_मास्तर

चारी बाजूंनी जंगल असताना. ताई, हे वाक्य अधोरेखित करा. १८८३ मध्ये इंडोनेशियातलं क्राकाताऊ ज्वालामुखीनं उद्ध्वस्त केलं. नऊ महिन्यांनी गेलेल्या माणसाला सगळ्या बेटावर एक बारीक कोळी दिसला, बस. तिसऱ्या वर्षी नेचे आले होते. शेजारी जावा-सुमात्रा होती म्हणून पुढं जंगल झालं. बी यायला कुठून तरी निघावं लागतं.

वारणाखोरं

वाचत होतो, लिहू की नको असं चाललं होतं. चांदोलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या आतलं आमचं गाव उठलं. आम्ही आता खाली, दुसऱ्या तालुक्यात. काही वर्षांपूर्वी परवानगी काढून आईला घेऊन गेलो. भातखाचरांचे बांध ओळखू येतात, पण आत नुसतं कमरेएवढं गवत, गव्यांच्या पायवाटा पडलेल्या. गवे चरतात म्हणून बहुतेक तिथं झाड वर येत नाही. घरांच्या जागी मात्र उलटं. भिंतीच्या ढिगाऱ्यावर दाट झाडोरा, आणि त्यात आंबा, फणस, शेवगा एका ओळीत. जंगल ओळीत उगवत नाही. आईनं ओळ बघून सांगितलं, "हे परसू, म्हणजे चूल इथं." पाचोळा बाजूला केला तर जात्याची खालची तळी निघाली.

एवढंच. तुमच्या माळावर बांधाकडेला वडिलांनी काही लावलेलं असेल तर ते जपा.

माळावरची

वारणाखोरं, एक हिरवा चाफा आहे. बाबांनीच लावलेला.

पुणेरी_पाहुणा

(वरचं वाचून थोडा वेळ काही लिहिता आलं नाही.)

ताई, घाणेरीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. ती आधी काढा. ती परदेशी आहे, खाली काही उगवू देत नाही. कॉनेल आणि स्लाटियर यांनी १९७७ मध्ये तीन तऱ्हा सांगितल्या: आधी आलेला पुढच्याला हातभार लावतो, किंवा पुढचा आधीच्याला सोसत वाट बघतो, किंवा आधीचा पुढच्याला अडवून धरतो. घाणेरी तिसऱ्यातली.

वनस्पतीवेडी

बहुतांशी मान्य. पण घाणेरीची फळं बुलबुल खातात, आणि तेच बुलबुल दुसऱ्या झाडांचं बी तिथं टाकतात. सगळी एकदम काढली आणि उघडी जमीन मिळाली की परत घाणेरी किंवा रानमोडीच येणार. कडेकडेनं, थोडी थोडी काढा. नुसती वरून कापली तर दुपटीनं फुटते, उसाचा_कोंब यांच्या खोडव्यासारखी. मुळाचा गड्डा जमिनीखाली दोन-तीन इंचांवर तोडून झुडूप उलटं टाकायचं, फळं धरायच्या आत.

आणि बोरीला हात लावू नका. तुमचा कडुनिंब तिच्यामुळं आहे. काट्यांमुळं शेळीचं तोंड पोचलं नाही, सावलीमुळं उन्हाळ्यात ओल टिकली. ही हातभाराची तऱ्हा.

उसाचा_कोंब

आमच्यात म्हणत्यात बोरीच्या झाडाला दगड मारत्यात सगळी. बोर पोरं सांभाळती हे आजच कळालं.

दाजीपूरकर

एक सूचना. जवळची देवराई शोधा. पन्हाळा-शाहूवाडीकडं गावोगावी लहान-मोठ्या आहेत. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवराया नोंदवायला सुरुवात केली, त्यात असल्या दोन-चार गुंठ्यांच्यासुद्धा होत्या. तिथली झाडं बघितली की तुमच्या जमिनीला काय पेलेल याचा अंदाज येईल. मात्र देवराईतलं बी तुमच्याकडं येईल का, ते कोण आणणार यावर आहे. उंबर, जांभूळ पाखरं-वटवाघळं आणतात. मोठ्या बियांना धनेश, उदमांजर लागतं. ती उघडा माळ ओलांडून सहसा येत नाहीत. तेवढं बी तुम्हीच चार मुठी आणून बोरीच्या बुडात टाकलंत तर चालेल.

गवताळ

आणि वणवा. बाकी सगळं करा, फेब्रुवारीत एकदा आग लागली की सहा वर्षांची रोपं एका दुपारी जातात. गवताचे गड्डे जगतात, ते आठवड्यात हिरवे होतात, म्हणून लोकांना वाटतं जाळल्यानं गवत चांगलं येतं. दिवाळीनंतर हद्दीनं दहा फूट रुंद गवत कापून काढा. जाळपट्टा.

माळावरची

सगळ्यांचे आभार. परवा रविवारी दादाला घेऊन गेले होते, ते सांगते.

सुंभाची दोरी घेतली, मीटर-मीटरचे चौकोन केले आणि बसून मोजलं. दादा आधी हसत होता. उघड्या गवतात पाच चौकोन: झाडाचं रोप एकही नाही. घाणेरीखाली तीन चौकोन, सरपटत जाऊन, हात ओरबाडून: एक जांभळाचं, पिवळं पडलेलं. बोरीखाली चार चौकोन: अकरा रोपं. सहा कडुनिंब, दोन आपटा, एक जांभूळ, दोन ओळखता आली नाहीत. आपटा बघून दादा म्हणाला, "हा आपल्यात नव्हता." बांधापलीकडं शंभर पावलांवर एक जुना आपटा आहे, ते मग त्याच्याच लक्षात आलं.

नंतर तो बोरं खात बसला आणि म्हणाला, रस्त्याकडचा अर्धा एकर काजूला. जेसीबी नाही, नुसते खड्डे, बोरी सोडून. वरचा एकर तुझा. पण शेजाऱ्यांच्या शेळ्यांचं तू बोलायचं.

बोलले. गवत कापून न्या, फुकट, पण शेळ्या सोडू नका, असं ठरलंय. बघू. जाळपट्टा यंदा उशिरा का होईना काढतोय.

दोन प्रश्न राहिले. एक, काटेरी तार परवडत नाही, कुंपणाला काय लावू? दुसरा दादाचाच, गाडीत बसताना परत विचारलान, "पण किती वर्षांनी?"

वनस्पतीवेडी

न ओळखलेल्या दोन रोपांचे फोटो टाका. पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, तेही सांगा.

आजोळ_गगनबावडा

कुंपणाला सागरगोटा. पावसाच्या तोंडावर बी जरा घासून, रात्रभर भिजवून हद्दीनं टोबायचं. तीन वर्षांत शेळी काय, माणूस जात नाही. मधे मधे करवंद.

उसाचा_कोंब

दादाला सांगा, आमच्या खोडव्याला वर्ष लागतंय आणि त्याचं बिल कधी येणार ते पण आमाला ठावं नसतंय. तरी आम्ही लावतोयच.

रानभाजी_वहिनी

सागरगोटे उरले तर मला ठेवा, नातीला खेळायला हवेत.